क्लोज-अप ग्रिफिथने शोधला नाही

सिनेमाच्या इतिहासाबद्दल एक दावा पुन्हा पुन्हा शेअर होतो: ‘क्लोज-अप आणि एडिटिंग हे अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथचे शोध. त्याच्याआधीचा सिनेमा म्हणजे एका जागी कॅमेरा ठेवून टिपलेलं नाटक.’ हा दावा खोटा आहे, आणि त्याने काही फार गुणी माणसांचं श्रेय बुडतं.

आधी क्लोज-अप घेऊ. दिग्दर्शक म्हणून ग्रिफिथचा पहिला चित्रपट १९०८चा. इंग्लंडमध्ये ब्रायटनशेजारच्या होव्ह इथल्या जॉर्ज अल्बर्ट स्मिथचा ‘ग्रँडमाज रीडिंग ग्लास’ १९००चा. नातू आजीच्या भिंगातून घड्याळ, पिंजऱ्यातला पक्षी, खुद्द आजीचा डोळा न्याहाळतो आणि ती प्रत्येक गोष्ट पडद्यावर मोठी होऊन येते. कोणी म्हणेल, तिथे भिंगाचं निमित्त होतं. मग १९०३चा ‘द सिक किटन’ बघा. मांजराच्या पिल्लाला चमच्याने औषध पाजताना स्मिथ सरळ जवळच्या शॉटवर जातो. पिल्लू नीट दिसावं, एवढंच कारण.

एडिटिंगचं म्हणाल, तर इंग्लंडमधल्याच जेम्स विल्यमसनचा ‘फायर!’ (१९०१) एकदा लक्ष देऊन पाहाच. शॉट पाचच. आग दिसताच पोलीस धावतो, घोड्यांचे बंब निघतात, रस्त्यावरून दौडतात. मग आपण थेट पेटलेल्या खोलीत. जवान खिडकीतून आत येतो, अडकलेल्या माणसाला उचलून खिडकीकडे नेतो आणि पुढच्या शॉटमध्ये तीच सुटका बाहेरून दिसते. हालचाल आत सुरू होते, बाहेर पूर्ण होते. नाटकात हे कसं दाखवणार? दोन वर्षांनी अमेरिकेत एडविन पोर्टरने अशीच सुटका चित्रित केली, ती आधी आतून पूर्ण आणि मग बाहेरून पुन्हा पहिल्यापासून! विल्यमसनचा तो एक कट मला म्हणूनच थक्क करतो.

‘हे किरकोळ प्रयोग, पाहिले कोणी?’ असंही विचारतात. ब्रिटिश निर्माता सेसिल हेपवर्थच्या ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ला (१९०५) एवढी मागणी होती की प्रती काढून काढून निगेटिव्ह झिजली आणि चित्रपट दोनदा नव्याने चित्रित करावा लागला. फाळके १९१२मध्ये लंडनला गेले तेव्हा याच हेपवर्थना भेटले, आणि फाळक्यांनी घेतलेला कॅमेरा विल्यमसन बनावटीचा होता.

दावा रुजला त्याला ग्रिफिथची स्वतःची जाहिरातही कारण आहे. बायोग्राफ कंपनी सोडल्यावर डिसेंबर १९१३मध्ये त्याने क्लोज-अपसकट अनेक तंत्रं आपल्या नावावर सांगितली. दोन ठिकाणच्या घटना आलटूनपालटून दाखवत ताण चढवत नेणं त्याने फार पुढे नेलं, हे मान्यच. क्लोज-अप मात्र तेव्हा किमान तेरा वर्षं जुना होता.