जखमी कामगारावर उपकार कसे करावेत

बेळगावात उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्याच्या औद्योगिक वसाहतीत आपली फाउंड्री असेल, खासबाग-वडगावात आपले चार-सहा माग चालत असतील किंवा खानापूरकडे काजूचे युनिट असेल, तर एक गोष्ट आपण आधीच मनाशी पक्की केली पाहिजे. कामावर जखमी झालेल्या कामगाराच्या हातावर काहीतरी ठेवावे लागतेच. ते देणे म्हणून ठेवायचे की मेहेरबानी म्हणून, एवढेच ठरवायचे असते. देणे म्हणून दिले की हिशोब मांडावा लागतो, मुदत पाळावी लागते आणि घेणारा मान वर करून पैसे मोजून घेतो. मेहेरबानी म्हणून दिले तर रक्कम फारच थोडी पुरते आणि वर त्याची आई आपल्या पाया पडून जाते. पुढील मार्गदर्शन अर्थातच या दुसऱ्या पद्धतीचे आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. इंग्रज सरकारने 1923 साली कामगार भरपाईचा कायदा केला आणि आपल्या सरकारने तो 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेच्या पोटात घातला. मात्र आत जे गणित होते ते गणितच राहिले. या कायद्याला एक परिशिष्ट आहे, आणि ते वाचताना खाटकाच्या दुकानातील दरफलकाची आठवण येते: अंगठा गेल्यास 30 टक्के, तर्जनी गेल्यास 14, मधले बोट 12, अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी 7, दुसरा शाबूत असताना एक डोळा गेल्यास 40. तीस वर्षांच्या, पंधरा हजार पगाराच्या प्रेस ऑपरेटरची तर्जनी मुळापासून गेली, तर पगाराचे साठ टक्के म्हणजे 9,000, त्याला वयाचा गुणक 207.98 आणि आलेल्या रकमेचे 14 टक्के, असा हिशोब करून 2,62,000 रुपयांच्या वर आकडा जातो. शिवाय औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. एका बोटापायी एवढी रक्कम मोजण्यापेक्षा बोट जाणार नाही अशी व्यवस्था करणे स्वस्त पडेल, असा विचार काही भाबड्या उद्योजकांच्या मनात येतो. तो आपण मनात येऊ देऊ नये.

गणितात पगार आहे, म्हणून पगारापासून सुरुवात करावी. प्रत्यक्ष पंधरा हजार द्यावेत, कागदावर दहा दाखवावेत आणि वरचे पाच पाकिटातून द्यावेत. तेच बोट आता 1,75,000 रुपयांच्या आत येते. मुळात ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) भानगडीतच पडू नये. दहा माणसे झाली की ती योजना लागू होते आणि एकवीस हजारांपर्यंतच्या पगाराचा कामगार तिच्यात मोडतो. मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का एवढे भरले की अपघातानंतर त्याचे उपचार आणि रजेच्या काळातील नव्वद टक्के पगार त्या योजनेचे महामंडळ सांभाळते, आणि भरपाईचा बोजा आपल्या डोक्यावरून उतरतो. इतक्या थोड्या पैशांत सुटका होत असताना आपण ती का नाकारावी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे: मग उपकार महामंडळाचा होतो, आपला उरत नाही. म्हणून एकाच शेडवर तीन पाट्या लावाव्यात, एक आपल्या नावाची, एक पत्नीच्या आणि एक मेहुण्याच्या, आणि प्रत्येक पाटीखाली नऊ-नऊ माणसे दाखवावीत. विमा हवाच असेल तर अपघात झाल्यावर, जखमी माणूस रिक्षात असतानाच, ऑनलाइन नोंदणी करून घेता येते. सकाळची वेळ टाकायला विसरू नये.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. चांगल्या पॉवर प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हात दोन बटणांवर असतील तरच वरचा घण खाली येतो, म्हणजे त्या क्षणी एकही हात साच्यात (डायमध्ये) नसतो. परंतु यात दर तुकड्यामागे दोन-तीन सेकंद वाया जातात. तेव्हा एक बटण सुतळीने कायमचे दाबून बांधावे, किंवा फटीत काड्यापेटीची काडी खोचावी. उजवा हात माल ठेवायला आणि काढायला मोकळा राहतो आणि पाळीचे टार्गेट तासभर आधी पुरे होते. हे मिस्त्रीकडून तोंडी सांगून करवून घ्यावे. भिंतीवर मात्र ‘सुरक्षा साधन काढून यंत्र चालवू नये’ अशी ठळक सूचना लावावी, कारण कामगाराने जाणूनबुजून सुरक्षा साधन काढले, स्पष्ट आदेश मोडला किंवा तो नशेत होता, असे सिद्ध झाले तर भरपाई टळू शकते. (कामगार मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर हा बचाव चालत नाही, इतकी कंजुषी कायद्याला शोभत नाही.)

कामगाराला द्यायचा कागद कोणत्या भाषेत असावा, याविषयी सीमाभागात विशेष सोय आहे. 2017 च्या दुरुस्तीनुसार कामावर घेतानाच कामगाराला त्याचा भरपाईचा हक्क लेखी कळवणे मालकावर बंधनकारक झाले, आणि ते इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा यांपैकी त्याला समजेल अशा भाषेत कळवायचे आहे. आपल्या कामगाराचे शिक्षण कडोली, उचगाव किंवा येळ्ळूरच्या मराठी शाळेत झाले आहे आणि मराठी त्या तीन भाषांच्या यादीत बसत नाही, हा काही आपला दोष नव्हे. त्याला कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत द्यावा आणि सही घ्यावी. एक नोव्हेंबरला काळा दिन पाळायला आपण स्वतः रस्त्यावर उतरत असाल आणि सरकारी परिपत्रके मराठीत मिळावीत म्हणून घोषणा देत असाल, तरी हरकत नाही. आपण परिपत्रके मागतो ती सरकारकडे. कारखान्याच्या आतला कागद हा वेगळा विषय आहे.

अपघात झाला की पहिला तास महत्त्वाचा असतो. जखमीला सरकारी इस्पितळात नेऊ नये, कारण तिथे पोलिसांकडे नोंद जाते. ओळखीच्या नर्सिंग होममध्ये न्यावे आणि केसपेपरवर कारण लिहून घ्यावे: घरी कडबाकुट्टीत हात गेला. आपल्याकडे खेड्यातून येणाऱ्या निम्म्या कामगारांच्या घरी कडबाकुट्टी असतेच आणि तिने खरोखरच अनेकांची बोटे घेतलेली असल्यामुळे ही हकीकत कोणालाही खटकत नाही. मागावरचा धोटा उडून डोळा गेला असेल, तर विटी-दांडू खेळणाऱ्या मुलांवर ढकलावे.

दुसऱ्या दिवशी सफरचंदे घेऊन भेटायला जावे. त्याच वेळी ‘माझ्याच निष्काळजीपणामुळे हे घडले, मालकांनी माणुसकीच्या नात्याने मदत केली, यापुढे माझी कोणतीही मागणी नाही’ असा मजकूर टाइप करून सोबत न्यावा. सही येत नसेल तर अंगठा घ्यावा. उजवाच गेला असेल तर डावा चालतो. असा करार करून कामगाराचा हक्क काढून घेता येत नाही, तो कायद्याने निरर्थक आहे. पण तो मजकूर टाइप करणारा आपला हिशोबनीस हे बोलणार नाही आणि कामगाराला ते कळवण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, म्हणजे ती गोष्ट सुरक्षित हाती आहे. मग पंधरा-वीस हजारांचे पाकीट त्याच्या वडिलांच्या हातात द्यावे, मोबाइलवर फोटो काढावा आणि वहीत ती रक्कम ‘उचल’ खाती लिहावी. तो परत कामावर आला की दरमहा कापून घेता येते. परत आल्यावर त्याला गेटवर वॉचमन म्हणून ठेवावे, पगार दोन हजारांनी कमी करावा आणि चारचौघांत म्हणावे की दुसऱ्या कोणी अशा माणसाला उभे केले नसते.

एवढ्यावर न थांबता तो कामगार खात्यात गेलाच, तर ठेकेदाराचे नाव पुढे करावे. मूळ मालकही जबाबदार असतो असे कायदा म्हणतो, पण ठेकेदाराचा पत्ता शोधण्यात वर्ष जाते. उसाच्या हंगामात आपले साखर कारखाने टोळीच्या मुकादमाकडे बोट दाखवतात, त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. आणि वेळेबद्दल तर निराश होण्याचे मुळीच कारण नाही. शेजारच्या महाराष्ट्रात एका साखर कारखान्याचा वॉचमन 2003 साली पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून काही किलोमीटरवर अपघातात गेला. कुटुंबाला भरपाईचा आदेश 2009 मध्ये मिळाला, 2011 मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि 2025 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला. बावीस वर्षे! लहान मुले तेवढ्यात मिसरूड फुटून कामाला लागतात. मात्र एक महिन्यात रक्कम न दिल्यास बारा टक्के व्याज चढते, वर दंडही होऊ शकतो, आणि मालकाला अपील करायचे तर आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. म्हणून न्यायालयापर्यंत जाण्यापेक्षा पाकिटावरच भागवणे हिताचे.

मृत्यूच्या बाबतीत मात्र आम्हांला आपल्याला काहीच सुचवता येत नाही. तिथे भरपाई थेट वारसांच्या हातात दिली तर ती दिली असे कायदा मानतच नाही. ती कायद्याने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते आणि वाटणी तोच करतो. स्त्री कामगाराच्या एकरकमी भरपाईचेही तसेच. अशा वेळी सफरचंदे, पाकीट आणि फोटो यांवरचा सगळा खर्च फुकट जातो आणि वर पूर्ण रक्कम पुन्हा भरावी लागते. कायद्यातील ही तरतूद जाचक असून वसाहतीच्या संघटनेने तिच्याविरुद्ध निवेदन द्यावे. निवेदन कन्नडमध्ये द्यावे, नाहीतर ते स्वीकारणार नाहीत.