झिओलाइटने समुद्री टँक चालत नाही

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला ऐरोलीहून भाच्याचा फोन आला. "मावशी, निमो वर येऊन कोपऱ्यात थांबलाय, नुसता धापा टाकतोय." क्लाउनफिशच्या जोडीतला दुसरा सकाळीच गेला होता. टाकी ६० लिटरची, पाणी भरून तिसरा दिवस. काय काय टाकलंस म्हणून विचारलं, तर त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला. त्याच आठवड्यात तोच मजकूर माझ्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला, खाली अंगठे आणि "छान माहिती". म्हणून हे लिहितेय.

फॉरवर्डमध्ये पाच गोष्टी आहेत. एक, फिल्टर नको, खाडीचं पाणी आणा, त्यात बॅक्टेरिया तयारच असतात. दोन, झिओलाइट या खनिज दगडाची पिशवी टाका, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया शोषला जातो, मासे दुसऱ्या दिवशी सोडा. तीन, प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) म्हणजे लूट, तो पाण्यातला ऑक्सिजनही खेचतो. चार, कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) नायट्रेट बनवतो. पाच, फिल्टरमधलं सगळं दर रविवारी नळाखाली घासून धुवा.

क्रमाने जात नाही. मासा दुसऱ्या मुद्द्याने मेला, तिथूनच सुरुवात.

झिओलाइट अमोनिया धरतो हे खरं आहे, पण गोड्या पाण्यात. हा सच्छिद्र खनिज दगड स्वतःकडचं सोडियम सोडतो आणि त्या जागी अमोनियम पकडतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सोडियमच दहा ग्रॅमच्या वर असतं आणि अमोनिया असला तर मिलिग्रॅममध्ये. दगडातल्या सगळ्या जागा सोडियमच अडवून बसतं. एवढंच नाही, गोड्या पाण्यात वापरून भरलेला झिओलाइट पुन्हा रिकामा करायचा तर तो दाट मिठाच्या पाण्यात भिजवतात, म्हणजे धरलेला अमोनिया सुटून बाहेर येतो. जे पाणी झिओलाइट धुवायला वापरतात, त्यातच तो फिल्टर म्हणून टाकायला हा मजकूर सांगतोय. रीफ टँकवाले, म्हणजे प्रवाळ पाळणारे, काही जण झिओलाइट वापरतात, मान्य. पण ते स्थिरावलेल्या टँकवर, बॅक्टेरियांच्या जोडीला. तिसऱ्या दिवशीच्या टाकीत नाही.

भाच्याला हे तोंडी पटेना. मग त्यांच्याच ओट्यावर दोन बरण्या मांडल्या. एकीत नुसतं पाणी, दुसरीत मरीन सॉल्ट घातलेलं. दोन्हींत अमोनियाच्या द्रावणाचे मोजून तेवढेच थेंब आणि एकेक चमचा झिओलाइट. दुसऱ्या दिवशी टेस्ट किट काढलं. साध्या पाण्याची नळी पिवळी झाली होती, म्हणजे अमोनिया संपला. मिठाच्या पाण्याची आदल्या दिवशी होती तशीच हिरवी. तो बराच वेळ ती नळी हातात धरून बसला होता.

समुद्री टाकीत अमोनिया जास्त घातक असतो, कारण तिथला पीएच ८.१ ते ८.४ असतो. पीएच एकाने वाढला की अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९८९ साली खाऱ्या पाण्यासाठी अमोनियाचे निकष काढले. त्यात दीर्घकाळासाठी विषारी अमोनियाची मर्यादा लिटरला ०.०३५ मिलिग्रॅम आहे. आपल्याकडचं २८ अंशांचं पाणी आणि ८.२ पीएच धरला, तर टेस्ट किटवर एकूण अमोनिया अर्धा मिलिग्रॅम दिसला की आपण त्या मर्यादेपाशी पोचलो. भाच्याच्या टाकीत दोन होता.

यावर उपाय एकच, सायकलिंग. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस माशांविना टाकी चालवायची.

आता खाडी. हे बॅक्टेरिया मुख्यतः पाण्यात तरंगत नाहीत, ते दगड, वाळू, स्पंज यांना चिकटून राहतात. कॅन भरून पाणी आणलं म्हणून ते येत नाहीत. शिवाय ठाणे खाडीत ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी येतं. पावसाळ्यात तर खारटपणाही कोसळतो. भाच्याने आणलेल्या पाण्याची घनता रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) १.०१२ भरली, हवी १.०२५. "फ्लेमिंगो येतात म्हणजे पाणी शुद्ध" असंही त्या मजकुरात आहे. अहो, फ्लेमिंगो चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खायला येतात. प्रवाळातल्या माशाला ते पाणी चालेल हे त्यावरून कसं ठरतं?

फिल्टरशिवाय समुद्री टँक चालूच शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक (बॅक्टेरिया वसलेला समुद्रातला प्रवाळी खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टँक चालवायची पद्धत मांडली होती. पण तिथे खडक हाच फिल्टर होता. तो खडक मालवणच्या किनाऱ्यावरून उचलून आणू असा विचार कोणी करत असेल तर थांबा. कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ड्राय रॉक, म्हणजे दुकानातला कोरडा खडक घ्या, त्यावर बॅक्टेरिया वाढायला वेळ लागेल.

स्किमरबद्दल अर्धं खरं आहे, हे कबूल करावं लागतंय. ६० लिटरमध्ये दोन लहान मासे आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं, एवढं नीट केलं तर स्किमर नसला तरी चालतं. पण ऑक्सिजन खेचतो हे साफ उलटं आहे. स्किमर पाण्यात हवा मिसळतो.

कॅनिस्टर नायट्रेट बनवत नाही, महिनोन्‌महिने न धुतलेल्या स्पंजात कुजणारं खाणं बनवतं. खरा धोका फॉरवर्डने सांगितलेलाच नाही. लाइट गेली की बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो आणि आतले बॅक्टेरिया मरायला लागतात. त्यामुळे एवढ्या टाकीला मी हँग-ऑनच (टाकीच्या काठावर टांगायचा फिल्टर) सांगते. खोक्यावरचा तासाला किती लिटर हा आकडा आतला मीडिया (स्पंज, रिंगा) न भरता मोजलेला असू शकतो, त्यामुळे तो थोडा जास्तच बघून घ्या.

आणि नळाखाली धुणं? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतू मारायलाच घातलेलं असतं. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज पिळा, सिरॅमिक रिंगांना हात लावू नका.

वाचलेला निमो सध्या माझ्याकडे आहे, खातोय. भाच्याच्या टाकीत ड्राय रॉक, हँग-ऑन फिल्टर आणि मरीन सॉल्ट घातलेलं आरओचं पाणी आहे. आज तेविसावा दिवस. सकाळी त्याने नळ्यांचा फोटो पाठवला. अमोनिया शून्य, नायट्राइट अजून जांभळं, म्हणजे शिल्लक आहे. मासा कधी नेऊ म्हणून विचारत होता. नायट्राइट शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहू दे, मग ये म्हटलं.