नमुना काउंटरवर ठेवला होता, तरीपण!

जीपच्या प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे चाकांकडं ताकद नेणाऱ्या दांड्याच्या, जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा म्हणजे क्रॉस. जुना क्रॉस डिझेलमधे धुऊन, चिंधीनं पुसून, दुधाच्या पिशवीत घालून स्पेअरपार्टच्या दुकानात घेऊन गेलो होतो मी. वर व्हर्नियरनं माप काढून कागदावर लिहून दिलेलं, कप, म्हणजे क्रॉसच्या टोकावरची टोपी, २७ एमएम. नमुना काउंटरवर, माप काउंटरवर, गाडीचं नाव, मॉडेल, साल सगळं तोंडानं सांगून झालेलं, महिंद्रा एमएम ५४०, १९९३ ची, पुढचा जॉइंट, फोर बाय फोर. ह्याच्यापेक्षा जास्त काय करायचं माणसानं? आख्खी जीप ढकलत नेऊन काउंटरवर चढवायची? त्या माणसानं नमुन्याकडं बघितलं सुद्धा नाही. एक डोळा मोबाइलमधल्या मॅचवर, एक हात मागच्या फळीवर, आणि खाडकन डबी आपटली पुढ्यात, "हाच. सगळ्या जीपला हाच बसतोय."

घरी येऊन खोलला तर कप ३० चा. तीस!

सगळ्या जीपला. म्हणजे पहिल्या अमेरिकन विलीज जीपपासून आजच्या थारपर्यंत जे काय चार चाकं आणि पुढं जाळी असलेलं असेल त्या सगळ्याला देवानं एकच क्रॉस दिलाय आणि तो नेमका ह्याच्याच फळीवर पडून आहे.

आता तुम्ही म्हणाल तिथंच उघडून का नाही बघितला. बघायचाच होता हो! हात घातला डबीला तर तो मॅच सोडून पहिल्यांदा माझ्याकडं बघतो, "सील तोडू नका, तोडलं की घ्यावं लागंल." म्हणजे न उघडता कळत नाही बरोबर आहे का, आणि उघडला की परत घेणार नाही. ही अक्कल कुठल्या कॉलेजात शिकवतात? वर भिंतीला पाटी, एकदा विकलेला माल परत घेतला अगर बदलून दिला जाणार नाही, तिच्यावर शेठच्या वडिलांच्या फोटोचा हार लोंबतोय. साडेसहाशे रुपये. मोडलेल्या खांद्याच्या फिजिओचं एक सिटिंग बुडवून घेतलेला क्रॉस आहे तो, माझ्या घरात हल्ली सगळा हिशोब असाच चालतो, एक सिटिंग म्हणजे एक ऑइल सीलचा सेट, दोन सिटिंग म्हणजे ब्रेकचे पाइप.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. बाइक अजून चालवता येत नाही म्हणून वडापनं, म्हणजे शेअर जीपनं. आणि काय सांगू, वडाप म्हणजे जुनी कमांडरच, बोनेटच्या आत काय आहे ते ड्रायव्हरला पण आठवत नसेल, तिच्याखाली बरोबर मापाचा क्रॉस मजेत फिरतोय आतबाहेर धरून चौदा माणसं घेऊन, आणि मी वरती मांडीवर चुकीचा क्रॉस घेऊन बसलोय, माझ्या पायावर कुणाचीतरी कोंबडी.

दुकानात तोच माणूस. म्हटलं हा ३० चा आहे, मला २७ चा पाहिजे होता. डबी फिरवून फिरवून बघितली. "खोलला की ओ तुम्ही." म्हटलं खोलल्याशिवाय कसं कळणार. "मग तसं असतंय काय, खोलल्यावर कोण घेणार." म्हटलं नमुना ठेवला होता की तुमच्यापुढं. तर म्हणतो, आणि हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही, "तीन एमएमनं काय होतंय साहेब. लेथवर मारून घ्या, नाहीतर ठोका, बसतोय."

ठोका!

अरे बाबा तो कप हार्डन केलेला असतो, आत सुईएवढे रोलर असतात, बाहेरून घासलास की वरचा कडक थर गेला. आणि कप घासायचा नाही तर मग योक, म्हणजे कप बसतो ते शाफ्टचं तोंड, मोठा करायचा, म्हणजे साडेसहाशेच्या क्रॉससाठी अख्ख्या प्रोपेलर शाफ्टचं वाटोळं, आणि पुढं कधी बरोबर २७ चा मिळाला की तो त्या भोकात खुळखुळ्यासारखा वाजणार. तीन एमएमनं काय होतंय म्हणे. ह्याच्या चपलेत तीन एमएमचा खिळा ठेवून त्याला जोतिबाच्या पायऱ्या चढायला लावल्या पाहिजेत, मग विचारायचं काय होतंय.

हे सगळं मी त्याला बोललो, म्हणजे खिळ्याचं सोडून. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेकॅनिक कोण तुमचा?" मीच. "तुम्ही करताय?" हो. मग त्यानं माझ्या खांद्याच्या पट्ट्याकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं, आणि शेजारच्या पोराला म्हणाला, "बघ." नुसतं बघ. काय बघ? आणि मला म्हणतो, "मेकॅनिकला पाठवा की, त्याला कळतंय." मेकॅनिकला पाठवलं की त्याला काय कळतंय ते मला पण कळतंय, बिलावर एक आकडा आणि त्याच्या खिशात दुसरा. मी स्वतः आलो की कुणाचं कमिशन नाही, म्हणून मी गिऱ्हाईक नाही, मी डोक्यावर परिणाम झालेला इसम. आणि डिस्काउंट? मेकॅनिकला मिळतो. रोख पैसे देणाऱ्याला मिळत नाही.

बरं हे एकटं दुकान असतं तर सोडून दिलं असतं. जो येतोय तो एकच सल्ला देतोय, पुढचा जॉइंट काढून टाक. कशाला पाहिजे फोर व्हील, टू व्हीलवर चालव, अॅव्हरेज वाढतंय, डोंगर चढायचाय का तुला. आमच्या भागातल्या किती जीपांचे पुढचे शाफ्ट असेच काढून भंगारात गेलेत आणि फोर व्हील टाकायचा दांडका तेवढा आत शोभेला राहिलाय. मग विकताना ओरडायचं, फोर बाय फोर आहे! अरे गाडी घेतलीच त्या दोन दांडक्यांसाठी. एक फोर व्हीलचा, एक लो गिअरचा. ऊसतोडीच्या दिवसांत अवकाळी झाला आणि काळ्या रानात ट्रॉली बसली की मग हेच सल्ला देणारे फोन करतात, तुझी जीप झाली का रे. नाही झाली! क्रॉस ३० चा आलाय!

आता खांदा. तो पण सांगतोच, कारण त्याशिवाय माझा राग पूर्ण होत नाही. डाव्या बाजूचं कॉलर बोन, आत प्लेट आणि स्क्रू, हात खांद्याच्या वर जात नाही. कशानं झालं? जीपनं नाही, सगळ्यांना वाटतं जीपनं. स्पीड ब्रेकरनं. रात्रीत उगवलेला स्पीड ब्रेकर, ना पट्टे, ना बोर्ड, ना दिवा, कुणीतरी कुणालातरी फोन केला आणि सकाळी रस्त्यात डांबराची म्हैस बसलेली. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था आहे, तिचं स्टँडर्ड आहे, ९९ नंबरचं, त्यात लिहिलंय की ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, म्हणजे गाडी चढून अलगद उतरते. वर पट्टे मारायचे, आधी बोर्ड लावायचा. आमच्याकडं रुंदी एक फूट आणि उंची मनाला येईल तेवढी. मी स्वतः टेप घेऊन मोजलाय, हात गळ्यात बांधलेला असताना, येणारे जाणारे हॉर्न मारत होते.

हे भाषण घरात इतक्यांदा झालंय की मी "स्टँडर्ड" म्हटलं की मुलगा जेवता जेवता म्हणतो "तीन पॉइंट सात मीटर" आणि बायको आमटी वाढायला आत जाते. आमटी समोरच असते. परवा सासूबाई फोनवर विचारत होत्या खांदा कसा आहे, तर ही म्हणते, "खांदा बरा आहे, आता क्रॉसचं चालू आहे."

बरं, एका हातानं प्रोपेलर शाफ्ट कसा काढायचा ते कुणी शिकवत नाही. उताणं झोपायचं, उजव्या हातात पाना, शाफ्ट पडू नये म्हणून गुडघ्यावर टेकवायचा, डावा हात छातीवर ठेवून द्यायचा पुतळ्यासारखा, आणि गंजाचा चुरा डोळ्यात घ्यायचा कारण डोळा पुसायला हात शिल्लक नाही. उजेड दाखवायला मुलगा. मोबाइलची बॅटरी कुठं आहे? माझ्या तोंडावर. अरे नटावर. मग चाकावर. अरे नटावर! मग बंद, कारण मित्राचा मेसेज आला. माझे वडील मला असंच ओरडायचे स्कूटरच्या वेळी आणि मी ठरवलं होतं आपण पोराला कधी ओरडायचं नाही. सर्क्लिप, म्हणजे कप अडकवून धरणारी रिंग, काढून कप व्हाइसमधे दाबून बाहेर काढले ते मात्र त्यानंच, मी नुसता पायात शाफ्ट धरून बसलो होतो, तेवढं त्याचं श्रेय त्याला.

आणि पाने! ह्या गाडीत दोन धर्म नांदतात. चेसिस आणि अॅक्सल विलीजच्या घराण्यातलं, म्हणजे सगळं इंचात. इंजिन प्यूजोचं, २११२ सीसी, म्हणजे सगळं एमएममधे. १/२ इंचाला १३ चा पाना चालून जातो, ठीक आहे. पण ९/१६ म्हणजे १४.२९ एमएम, त्याला १४ चा जात नाही आणि १५ चा घातला की नटाचे कोपरे गोल. माझ्या आधी ही गाडी ज्या ज्या हातांतून गेली त्यांच्यापैकी प्रत्येकानं १५ चा घातलाय. प्रत्येकानं! मग गोल झालेल्या नटाला छन्नी लावलीय, छन्नीनं नाही झालं तर वरून वेल्डिंगचा ठिपका दिलाय की सुटूच नये. त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत ती सासऱ्यांच्या रानात कोंबड्यांचं खुराडं होती, मला वाटतं त्याच काळात तिची सगळ्यात चांगली निगा राखली गेली, कोंबड्या निदान पाने लावत नाहीत.

रील टाकणाऱ्यांवर तर मी वेगळं बोलणार आहे. जुनी जीप, गंजलेली, मग टाळी वाजवली की चकाचक. तीस सेकंदांत. मधे गाडी उचलायची लिफ्ट दिसते, सँड ब्लास्टिंग दिसतं, चार पोरं दिसतात दोन्ही हात शाबूत असलेली. खाली कॉमेंट, "पॅशन असलं की होतं भावा". पॅशन नाही रे, लिफ्ट असली की होतं. मी दोन विटा, एक फळी आणि शेजाऱ्याचा ट्रकचा जॅक ह्यावर काम करतो, आणि दर वेळी आत जायच्या आधी चेसिसखाली जुनं चाक आडवं सारतो कारण जॅकवर माझा विश्वास नाही, शेजाऱ्यावर त्याहून नाही.

आणि एवढं करून गाडी रस्त्यावर आणायची म्हणजे सरकारचं पोट भरायचंय ते वेगळंच. पंधरा वर्षांवरच्या खासगी चारचाकीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला आधी ६०० रुपये होते, एप्रिल २०२२ पासून ५००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ मधे २० वर्षांवरच्या गाड्यांना सरळ १००००. वर पर्यावरण कर. वर ती नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी, जिची मुदत मार्च, मग एप्रिल, मग जून अशी गणपतीच्या वर्गणीसारखी पुढं पुढं सरकत गेली आणि जे पहिल्याच तारखेला घाबरून धावले ते गाढव ठरले. दर पाच वर्षांनी रिन्यू. म्हणजे हिशोबानं बघितलं तर ही गाडी उभी असताना पण मला खाते, चालायला लागल्यावर काय करेल कोण जाणे. पंधरा वीस लाखाची थार घेऊन येणारे मात्र गेटपाशी थांबतात, काच खाली घेतात, "काका देणार का? ओरिजिनल आहे का?" काका! माझं वय चाळीस आहे.

शेवटी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडं गेलो, कोल्हापुरात अजून अशी माणसं आहेत म्हणून चाललंय. त्यानं जुना क्रॉस पिशवीतून काढला, कप बोटावर फिरवला, व्हर्नियर न लावता म्हणाला "सत्तावीस". मी म्हटलं दुकानवाला ३० चा ठोकून बसव म्हणतोय. तो इतका हसला की मशीन बंद करावं लागलं. मागच्या खोलीतून दुसऱ्या कुठल्या गाडीचा काढून ठेवलेला बरोबर मापाचा दिला, वापरलेला पण सुया सगळ्या जागेवर, आणि पैसे विचारले तर म्हणतो चहा पाजा. साडेसहाशेचा नवा घरात कागद उडू नये म्हणून टेबलावर ठेवलाय, काम चांगलं करतोय.

क्रॉस बसला. शाफ्ट तयार आहे. पण आता ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा, परत वर चढवायचाय, कारण सील बदलायला खाली काढला होता, आणि ते धूड एका हातानं छातीवरून वर उचलून गिअरबॉक्सच्या मागं बसवणं मला शक्य नाही, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून नाही, करून बघितलंय म्हणून. रविवारी दोन धड हात असलेला कुणी मोकळा असेल तर या. मिसळ माझ्याकडून. पुढचा जॉइंट काढून टाक म्हणणाऱ्यांनी येऊ नये. आणि येताना ९/१६ चा रिंग पाना असला तर घेऊन या, माझा वरच्या मजल्यावरच्यांनी टाकीच्या नळासाठी म्हणून नेलाय, दिवाळीच्या आधी.