गवत जाळणारा अडाणी, मग आमचे रँचर कोण?

पुण्यातल्या तळजाई टेकडीचा उतार यंदाही जळाला. भावंडांच्या ग्रुपवर काळ्या टेकडीचे फोटो आले आणि पाठोपाठ धाकट्या मावसभावाचा निकाल: "हे मेंढ्यावाल्यांचं काम. जाळलं की गवत चांगलं येतं म्हणे! नुसती अंधश्रद्धा. टेकडीवर, माळावर पाय ठेवायची बंदी करा यांना." खाली अंगठ्यांची रांग. मी एवढंच लिहिलं की गवत चांगलं येतं हे खोटं नाही. लगेच उत्तर आलं, "ताई, तू तिकडे बसून नको सांगूस."

तिकडे बसूनच सांगणार आहे, कारण हा विषय मला रोज दारात दिसतो. अमेरिकेतल्या कॅन्ससमधलं आमचं मॅनहटन गाव फ्लिंट हिल्स या गवताळ टेकड्यांच्या कडेला आहे. दर एप्रिलमध्ये इथले रँचर, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणारे, हजारो एकर कुरण आपल्या हाताने पेटवतात. आधी काउंटीला, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीला, फोन, मग वाऱ्याचा अंदाज, पिकअपवर पाण्याची टाकी. वारा जिकडे वाहतो तिकडची कड अगोदर जाळून घेतात, म्हणजे मोठी आग तिथवर येऊन विझते. शेजारपाजारचे सगळे हजर असतात. धूर शेजारच्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकन-ओमाहापर्यंत जातो, तिथले लोक चिडतात, २०१० मध्ये त्यासाठी धूर-नियोजनाचा आराखडाही झाला. पण रँचरला अडाणी म्हणून कुणी हिणवलेलं मी ऐकलं नाही. त्यांच्याही आधी इथले मूळ रहिवासी, कॉ आणि ओसेज लोक, गवत पेटवत होते. हीच गोष्ट रँचर बोलला की व्यवस्थापन आणि धनगर बोलला की अंधश्रद्धा, हे मला सहन होत नाही.

गावाबाहेरच कोन्झा प्रेरी हे संशोधनासाठी राखलेलं गवताळ रान आहे, साधारण साडेतीन हजार हेक्टर. १९७० च्या दशकापासून तिथे जमिनीचे वेगवेगळे तुकडे ठरवून जाळतात: काही दरवर्षी, काही २ किंवा ४ वर्षांनी, काही २० वर्षांनी एकदा. बिग ब्लूस्टेमसारख्या बहुवर्षायू गवताचा जीव मुळांत आणि मातीआडच्या डोळ्यांत असतो. वर जळतं ते गेल्या साली वाळलेलं. ते साचून राहिलं तर नव्या फुटव्यावर सावली धरतं आणि जमीन गार ठेवतं. जळून गेलं की ऊन थेट पोचतं, काळी पडलेली जमीन लवकर तापते आणि मेच्या पावसात गवत दाट उठतं. जे तुकडे वर्षानुवर्षं जाळले नाहीत तिथे झुडपं शिरली. आमच्या भागात न जाळलेलं कुरण रेडसीडर नावाच्या सदाहरित झाडाने भरून जातं, गुरांना तिथे काही उरत नाही.

म्हणजे धनगर म्हणतो ते खरं आहे. पण ग्रुपवर दुसऱ्या एकाने लिहिलं, "मग तळजाईही जाळून टाकू, अमेरिकेसारखी." तेही चालणार नाही. सगळा प्रश्न आग आणि पाऊस यांच्यामधल्या दिवसांचा आहे. इथे वर्षाला सरासरी ८३५ मिलिमीटर पाऊस, त्यातला तीन चतुर्थांश गवत वाढण्याच्या महिन्यांत. एप्रिलमध्ये जाळलं की दोन-तीन आठवड्यांत डोंगर हिरवा. पुण्यात वणवा लागतो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पाऊस येतो जूनमध्ये. मधले तीन महिने उघडा मुरूम उन्हात भाजतो, राख वाऱ्यावर जाते आणि पहिला जोरदार वळीव उतारावरची माती खाली नेतो. कोन्झातही माथ्यावरच्या उथळ मातीत आगीचा फायदा जेमतेमच. कोरड्या साली तर तोटाच, कारण उघड्या जमिनीतली ओल उडून जाते. आपल्या टेकड्या त्या माथ्याच्या जातीच्या आहेत. शिवाय सारखं जाळलं की कुसळी या टोचऱ्या बियांच्या गवताचं फावतं. तिचं बी ओल लागताच पीळ घेत जमिनीत घुसतं आणि आगीतून वाचतं. मारवेल, पवन्या ही चाऱ्याची गवतं मागे पडतात. आणि कुसळं मेंढीच्या लोकरीत रुततात, तोंडाला टोचतात. त्यात मेंढपाळाचाच तोटा, हे त्याला भावापेक्षा जास्त ठाऊक असणार.

शिवाय फलटण-बारामतीकडचे मेंढपाळांचे बरेचसे वाडे, म्हणजे कळपासह फिरणारी कुटुंबं, दिवाळीनंतर घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ऐन वणव्याच्या दिवसांत ते तळजाईवर असतील कसे? टेकडीवर रोज कोण जातं, बिडी-सिगारेटची थोटकं कोण टाकतं, कचरा कोण पेटवतं, हे भावाने एकदा स्वतः बघावं. पण ते नको असतं. गवताची जमीन आपल्याकडे 'पडीक', आणि तिच्यावर जगणारा माणूस परका. टेकडी हिरवी करायची म्हणून ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावलं, तेव्हा तिथे गवत होतं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

भावाचं 'तिकडे बसून' हे बोलणं मला लागलं ते वेगळ्याच कारणाने. आमच्या रस्त्यावरचे सगळे रँचर मी नावाने ओळखते. जाळायच्या दिवशी ते मला पाण्याचा पाइप धरायला बोलावतात, मीही जाते. पुण्यात वाढले, पण सुप्याच्या माळावर चिंकारा पहिल्यांदा पाहिला तो इकडे आल्यानंतर, सुट्टीत, भाड्याच्या गाडीतून. तिथे मेंढ्या घेऊन चाललेल्या बाईशी बोलायला खाली उतरले नाही. ज्यांच्या वतीने मी भावाशी भांडते, त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. तरी टेकडी जळाली की झोप लागत नाही, आणि इथला एप्रिलचा धूर मात्र नाकाला घरचा वाटतो. हे कसं जुळवायचं, मला कळत नाही.

पण करता येण्यासारखं बरंच आहे. कुसळं पिकायच्या आत, दिवाळीच्या सुमारास, टेकडीच्या पायथ्याचं आणि पायवाटांच्या कडेचं गवत कापून घ्यावं आणि चारा म्हणून द्यावं. डिसेंबरपर्यंत जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे गवत काढलेले पट्टे, काढाव्यात. आणि हे ठरवायला बसाल तेव्हा वनखातं, सोसायट्या आणि सकाळी फिरायला येणारे यांच्यासोबत मेंढपाळांनाही बोलवा. तारीख मात्र त्यांचे वाडे कोकणात उतरायच्या आधीची ठेवा.