बग डिफ्लेक्टरच्या फॉरवर्डमधलं किती खरं?

टेक्सास, लुइझियाना, फ्लोरिडा या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटांत एप्रिल आला की एक मजकूर नेमाने उगवतो. त्याचा गोषवारा असा: नवी गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात बॉनेटवर बग डिफ्लेक्टर बसवा. किडे काचेवर न आपटता वरून निघून जातात, खडे काचेला लागत नाहीत, लव्हबग नावाच्या किड्याच्या आम्लाने रंग जळत नाही, मायलेजही थोडं सुधारतं. आणि हे काम डीलरकडूनच करून घ्या, बाहेरून केलंत की वॉरंटी गेली. हल्ली हाच मजकूर पुण्या-नाशिकला थार किंवा फॉर्च्युनर बुक करून बसलेल्या भाच्या-पुतण्यांपर्यंतही जातो.

वस्तू पाहिली नसेल तर सांगतो. बॉनेटच्या पुढच्या कडेवर बसणारी, धुरकट रंगाच्या ॲक्रिलिकची, किंचित वर वळलेली पट्टी. पिकअप ट्रकवर सर्रास दिसते. किंमत साधारण 50 ते 100 डॉलर. वस्तू वाईट नाही, पण तिच्या नावावर जे गुण खपवले जातात त्यातला एकच तिचा स्वतःचा आहे.

पहिला दावा काचेचा, आणि लोक विकत घेतात तेही त्याच्याचसाठी. गाडीसमोर उभं राहून बघा. डिफ्लेक्टर बॉनेटच्या कडेवर, समोरची काच त्याच्या बरीच मागे आणि वर. जो किडा काचेवर आपटतो तो काचेच्याच उंचीवर उडत असतो. त्याची आणि त्या पट्टीची गाठच पडत नाही. राहिले बॉनेटच्या उंचीवरचे. गाडी ताशी 110 किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला तीस मीटर जाते. बॉनेटची लांबी दीड मीटर धरली तर तेवढं अंतर सेकंदाच्या विसाव्या भागात संपतं. एखाद्या एसयूव्हीचं छप्पर बॉनेटपेक्षा साठ-सत्तर सेंटिमीटर वर असतं. म्हणजे किड्याला छपरावरून जायचं तर तेवढ्या वेळात त्याने ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगाने सरळ वर उसळायला हवं. बोटभर उंचीची पट्टी हे करू शकत नाही. ती हवा कडेपाशी वर उचलते, पण तो प्रवाह थोडं पुढे जाऊन पुन्हा बॉनेटला येऊन मिळतो आणि काचेपर्यंत पोचताना त्यात फारसा जोर उरत नाही. चिलटासारखा हलका किडा हवेबरोबर वळतोही, पण काच बरबटवणारे असतात ते जड अंगाचे. ते आपल्या वेगाने सरळच येतात.

लांब नाकाच्या अठरा चाकी ट्रकांवर चांगला उंच डिफ्लेक्टर असतो. तिथे थोडाफार फरक पडत असेल, मान्य. पण आपल्याकडचं सामान्य वाहन म्हणजे सिएना नाहीतर ओडिसी ही मिनीव्हॅन. या गाड्यांचं बॉनेट आखूड आणि काच आधीच इतकी तिरपी की हवा तशीही वरच चढते. तिथे ती पट्टी शोभेची.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "अहो, आम्ही लावल्यापासून किडे खरंच कमी झालेत." झालेही असतील. लव्हबगचा हंगाम एप्रिल-मे आणि ऑगस्ट-सप्टेंबर असा दोनदा येतो आणि प्रत्येक वेळी चारेक आठवड्यांत आटोपतो. वैतागून मेच्या मध्यावर डिफ्लेक्टर लावणाऱ्याला जूनमध्ये काच स्वच्छ दिसणारच. शिवाय किडे अनेक ठिकाणी घटले आहेत. डेन्मार्कमध्ये 1997 ते 2017 अशी वीस वर्षं रस्त्याच्या ठरावीक दोन टप्प्यांवर गाडीच्या काचेवर मेलेले किडे मोजले गेले. एका टप्प्यावर ते 80 टक्क्यांनी घटले, दुसऱ्यावर 97 टक्क्यांनी. याचं श्रेय कोणी डिफ्लेक्टरच्या कंपनीला दिलेलं नाही.

खड्यांचा दावा अर्धा खरा. खडे येतात पुढच्या वाहनाच्या चाकांतून, आणि दगडाला हवेची फिकीर नसते. जो काचेच्या रोखाने उडाला तो काचेवरच बसणार. पण बॉनेटच्या पुढच्या चार-पाच इंचांत जे बारीक टवके उडतात, ते डिफ्लेक्टर खरोखर थांबवतो. हाच त्याचा खरा गुण. रोज खडीच्या रस्त्याने किंवा ट्रकांच्या मागून जाणाऱ्याने एवढ्यासाठी तो जरूर घ्यावा. बंपर आणि दिवे मात्र उघडेच राहतात, हेही लक्षात असू द्या.

आता लव्हबग. हा किडा मूळचा मध्य अमेरिकेकडचा. काळा, पाठीवर तांबडा ठिपका, आणि नर-मादी एकमेकांना चिकटूनच उडणारे. 1940 साली टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनच्या नमुन्यांवरून त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि त्याच दशकाच्या अखेरीस तो फ्लोरिडात पोचला. (डास खायला म्हणून फ्लोरिडा विद्यापीठाने तो प्रयोगशाळेत तयार केला, हा आणखी एक सदाबहार फॉरवर्ड. तो फुलातला रस पितो, डास खात नाही.) तापलेलं डांबर आणि उन्हात भाजलेला गाड्यांचा धूर त्याला खेचून घेतात, म्हणून हे थवे नेमके हायवेवरच दिसतात.

त्याच्या अंगात आम्ल असतं आणि ते आपटताक्षणी रंग जाळतं, असं सांगतात. ताज्या लव्हबगचा पीएच साधारण 6.5 असतो, म्हणजे जवळजवळ उदासीन. रंगाला त्रास होतो तो नंतर. गाडीवर तसाच राहिला तर दिवसाभरात तो सडतो आणि पीएच 4.25 च्या आसपास उतरतो, म्हणजे तेव्हा तो आम्लधर्मी होतो. त्यावर टेक्सासचं ऊन पडलं की तो लेप क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, खोल बसायला लागतो. जुन्या लॅकर रंगांची यात फार दुर्दशा व्हायची, आजचे रंग बरेच टिकाऊ आहेत. म्हणजे गाडी वाचवायची तर प्रश्न वेळेचा आहे. घरी आल्यावर नाक आणि आरसे पाण्याने भिजवा, जुना टॉवेल ओला करून दहा मिनिटं बॉनेटवर अंथरून ठेवा, मग हलक्या हाताने पुसा. कोरडं खरवडलंत तर किड्याने केलं नसेल तेवढं नुकसान तुम्हीच कराल. हंगामाच्या आधी वॅक्सचा हात दिला असेल तर काम निम्म्यावर येतं. आणि हे किडे अंधार पडला की उडत नाहीत. ह्यूस्टनहून न्यू ऑर्लीन्सला जायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर निघा. त्याला एक पैही पडत नाही.

डिफ्लेक्टर इथे करतो एवढंच की बॉनेटवर बसणारे काही किडे स्वतःच्या अंगावर घेतो. धुवायचं त्यालाही लागतंच. आणि ज्याची काळजी करायला हवी त्या ठिकाणी तो पोचतच नाही. दाट थव्यातून तासभर गाडी गेली की ग्रिलच्या आत रेडिएटरसमोर किड्यांचा थर साचतो, हवा कोंडते, आणि एसी लावून चढावर निघालेली गाडी तापायला लागते. त्यावर उपाय ग्रिलवरच्या जाळीचा आहे आणि ती स्वस्तही असते. फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेखही नाही.

मायलेजचं काय बोलायचं! गाडीच्या तोंडावर वाऱ्याला अडवणारी पट्टी बसवून इंधन वाचत असतं तर कंपनीने ती कारखान्यातच लावली असती. तुमच्या खिशाला कळणार नाही इतपत का होईना, ती वाऱ्याचा अडथळा वाढवते.

या फॉरवर्डला उत्तर म्हणून उलटा सल्लाही फिरतो: नव्या गाडीचा रंग ओला असतो, महिनाभर त्यावर काहीच लावू नका. तोही चुकीचा. कारखान्यातला रंग भट्टीत साधारण 140 अंश सेल्सिअसवर भाजून निघतो, गाडी शोरूमला येते तेव्हा तो पक्का झालेला असतो. थांबायचं ते अपघातानंतर गॅरेजमध्ये बॉनेट पुन्हा रंगवलं असेल तेव्हा, आणि किती दिवस हे रंगाऱ्यालाच विचारायचं.

बसवताना घाई केली तर मात्र हीच वस्तू रंग खाते. आमच्या शेजाऱ्याने पिकअप विकायच्या आधी डिफ्लेक्टर काढला तेव्हा मी तिथे होतो. खाली धुळीची वाळलेली राखाडी रेघ, जिथे जिथे क्लिप होती तिथे रंग घासून मंद झालेला, आणि एका टोकाला पट्टी थरथरून थरथरून क्लिअर कोटच गेलेला. ॲल्युमिनियमचं बॉनेट होतं म्हणून तांबडा गंज धरला नाही, लोखंडी पत्र्यावर तोही चढला असता. कारण साधं आहे: पट्टी आणि रंग यांच्या फटीत माती शिरते, गाडी चालली की पट्टी थरथरते, आणि ती माती पॉलिश पेपरचं काम करते.

म्हणून लावायचाच तर आधी बॉनेटची कड वरून-खालून साबणाने धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. क्लिप टेकणार त्या प्रत्येक जागी पारदर्शक फिल्मचा तुकडा चिकटवा. काही किटमध्ये तो येतो, नसेल तर वेगळा घ्या. रबरी गुंड्या दिल्या असतील तर त्या टाकून देऊ नका, पट्टीला रंगापासून नखभर दूर ठेवायचं काम त्यांचंच. स्क्रू हाताने पिळा. ड्रिलने पिळलेल्या स्क्रूने ॲक्रिलिकला तडा गेला की कोणी पैसे परत देत नाही. मग बॉनेट सावकाश खाली आणत दोन्ही कोपरे ग्रिलला घासत नाहीत ना ते बघा, आणि आठवड्याने स्क्रू पुन्हा तपासा. चिकटपट्टीचा प्रकार असेल तर थंडीत लावू नका आणि लावल्यावर एक दिवस गाडी धुऊ नका. पुढे धुताना होजचं तोंड त्या फटीत धरायचं. ब्रशवाल्या ऑटोमॅटिक कारवॉशमध्ये गाडी न घातलेली बरी.

एवढा व्याप नको असेल आणि पैसे सोडायची तयारी असेल, तर बॉनेट, बंपर आणि दिवे झाकणारी पारदर्शक संरक्षक फिल्म हा पर्याय आहे. महाग पडतो, पण खालची जागा उघडी राहत नाही आणि घासायला फटच नसते.

उरला वॉरंटीचा बागुलबुवा. अमेरिकेत 1975 पासून मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा सुटा भाग बसवला एवढ्या कारणावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला असेल तर तेवढी दुरुस्ती नाकारता येते. क्लिपने रंग घासला तर रंगाची तक्रार घेऊन जाऊ नका, पण गिअरबॉक्सची वॉरंटी डिफ्लेक्टरमुळे जात नाही. हा कायदा भारतात लागू नाही, तेव्हा पुण्याच्या भाच्याने आपलं वॉरंटीचं पुस्तक उघडून वाचावं. तिकडे लव्हबग नाहीतच. पहिल्या पावसानंतर दिव्यावर येणाऱ्या पंखवाल्या वाळवीला तर ही पट्टी दिसायचीही नाही.

डीलरकडूनच का, याचं उत्तर मजकुरात नाही, बिलात आहे. गाडीच्या कागदांवर सह्या करताना "प्रोटेक्शन पॅकेज" नावाची एक ओळ येते. त्यात डिफ्लेक्टर, फ्लोअर मॅट आणि दाराच्या कडांच्या पट्ट्या एकत्र बांधलेल्या असतात. प्रत्येकाची किंमत वेगवेगळी लिहून मागा. हाताशी स्क्रूड्रायव्हर आणि शनिवारची सकाळ असेल तर डिफ्लेक्टरची ओळ तिथेच खोडायला सांगा.