चोचले कुणाचे? सातपूरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. आधारवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत: ज्याला काही लपवायचं नाही त्याला अंगठा द्यायला भीती कसली, आधारमुळेच बोगस रेशनकार्डं गेली, आणि खासगीपणा म्हणजे नाशिकच्या सुखवस्तू गंगापूर रोडवाल्यांचे चोचले. उत्तर जरा लांबलंय.

चोचल्यांचं आधी बोलू. हाच मुद्दा सुप्रीम कोर्टातही निघाला होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा 'गरिबाला असले हक्क काय करायचेत' या म्हणण्याचा निकालपत्रात चांगलाच समाचार घेतलाय. आणि आधारची सुरुवात झाली ती कुठे? २९ सप्टेंबर २०१० ला, नंदुरबारच्या टेंभलीत. आपल्याच नाशिक विभागात, आदिवासी गावात. गंगापूर रोडचा नंबर फार नंतर लागला.

आता अंगठा. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरीत द्राक्षाच्या कामाला येणाऱ्या बायकांचे हात बघा कधी. छाटणी झाली की वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्यांना, औषधाची पेस्ट, मग घड औषधात बुडवायचं डिपिंग, मग मणी विरळ करायचं थिनिंग. बोटांवरच्या रेषा जागेवर राहतात होय? रेशन दुकानात मशीन 'जुळत नाही' म्हणतं. पदराला पुसून पुन्हा अंगठा, मग दुसरं बोट, मग दुसरा हात. मागची रांग कुरकुरते. शेवटी दुकानदार म्हणतो, 'मावशी, उद्या या.' उद्या म्हणजे मजुरीचा खाडा. अंगठा जुळला नाही तरी धान्य नाकारायचं नाही, अशा सरकारच्याच सूचना आहेत. पण त्या मावशीला कोण सांगणार? चूक मशीनची, आणि खोटी ठरते ती. माझा आक्षेप इथे आहे, काका. तिने काय लपवलं होतं?

बोगस कार्डांचं तुमचं म्हणणं मान्य. एकाच माणसाची दोन नावं पकडायला आधार उपयोगी पडतं. पण मापातली चोरी? अंत्योदयच्या, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबाच्या, कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य. अंगठा लागला की ३५ ची नोंद झाली. काटा मशीनला जोडलेला नसेल तर पिशवीत किती पडलं ते मशीनला दिसत नाही. उलट तो अंगठा दुकानदाराचाच पुरावा होतो.

फेसबुकला सगळं देतोच की, हेही तुम्ही लिहिलंत. द्या ना. फेसबुक तुमचं धान्य अडवत नाही.

२६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार टिकलं, पण बँक खातं, मोबाइल आणि शाळाप्रवेश यांसाठी सक्ती नको, असंही कोर्टाने सांगितलं. तरी पंचवटीत लॉजवर खोली मागा, आधी आधारची झेरॉक्स. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने असल्या झेरॉक्स वाटू नका असा इशारा दिला, आणि दोन दिवसांत तो मागेही घेतला गेला. धन्य!

तुम्ही निदान एवढं करा: लॉजवर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, आणि बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांची नोंद, लॉक करून ठेवा. ॲपमधून होतं. त्या मावशीला मात्र हे जमायचं नाही. लॉक केलं तर रेशनच्या मशीनवर तिचा अंगठाच चालणार नाही, आणि उघडायला आधारला जोडलेला मोबाइल हवा. सोय आहे ती तुमची-माझी. चोचले म्हणायचेच, तर ह्याला म्हणा.