पुरलेलं फायबर, मागे येणारा प्रकाश आणि एक फुगवलेला दावा

अभियंत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आणि लिंक्डइनवर एक दावा मोठ्या हौसेने पुढे ढकलला जातो. त्याचा मतितार्थ असा: इंटरनेटसाठी फायबर देशभर आधीच पुरलेलं आहे. त्याच्या एका टोकाला पेटी जोडा, लेसर सोडा, काचेतून मागे परतणारा प्रकाश वाचा. १०० किलोमीटरपर्यंत दर सेंटीमीटरचं तापमान आणि स्ट्रेन (लांबीच्या प्रमाणात किती ताणलं गेलं ते) मिळेल. पूल, धरण, पाइपलाइन, सगळ्यांची तब्येत ऑफिसात बसून कळेल. सिग्नल कमी पडला तर लेसर वाढवा. आणि आता अतिनील किरणांनी फायबर ‘दसपट संवेदनशील’ करता येतं, म्हणजे उरलीसुरली अडचणही मिटली.

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या खऱ्या प्रयोगातून उचललंय. पण ते प्रयोग वेगवेगळ्या फायबरवर, वेगवेगळ्या अंतरांवर, वेगवेगळ्या पेट्यांनी झालेले आहेत. दावा मात्र सगळ्यांचे फायदे एकाच केबलच्या नावावर जमा करतो.

‘आधीच पुरलेली केबल चालते’

कशासाठी, ते आधी सांगा. कंपनं ऐकायला चालते. आइसलंडच्या रेक्यानेस भागात दूरसंचाराच्या १५ किलोमीटर केबलवर भूकंपाच्या लहरी टिपल्या गेल्या, २०१८ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. आपल्याकडे ईशान्य सीमा रेल्वेची ‘गजराज’ यंत्रणा रुळांलगतच्या फायबरवरूनच हत्तींची चाहूल घेते. या दोन्ही ठिकाणी ‘काहीतरी हललं, अमुक ठिकाणी हललं’ एवढं कळलं की काम भागतं.

पुलाचा गर्डर सहा महिन्यांत किती ताणला गेला, हा प्रश्न निराळा. दूरसंचाराची नेहमीची केबल सोलून पाहा. बाहेरचं काळं आवरण, आत मजबुतीचे धागे, मग प्लास्टिकची बारीक नळी आणि त्या नळीत बोटांना चिकटणारी जेली. फायबर त्या जेलीत सैल पडलेलं असतं, आणि नळीपेक्षा किंचित लांबही ठेवलेलं असतं. केबल ओढली गेली तरी फायबरवर ताण येऊ नये, म्हणूनच ही रचना. म्हणजे जे मोजायचं तेच फायबरपर्यंत पोचू न देण्याची सोय कारखान्यातच केलेली आहे! झपाट्याने होणारी थरथर जेलीतून काही प्रमाणात आत जाते. संथपणे वाढणारा ताण जात नाही, फायबर नळीत सरकून तो जिरवून टाकतं. स्ट्रेन मोजायचा तर फायबर काँक्रीटला किंवा पोलादाला घट्ट जखडलेलं लागतं, म्हणजेच नवी केबल आणि नवा खर्च.

‘सिग्नल कमी पडला तर लेसर वाढवा’

हा सल्ला का सुचतो ते समजण्यासारखं आहे. काच ओतताना तिच्या घनतेत अतिसूक्ष्म चढउतार गोठून राहतात. प्रकाश त्यांवर आपटून सगळीकडे विखुरतो, यालाच रॅले विकिरण म्हणतात. विखुरलेल्यापैकी हजारात एक-दोन भागच फायबरच्या गाभ्यात मागच्या दिशेने पकडले जातात, बाकीचा बाजूने निसटतो. साध्या सिंगल-मोड फायबरच्या एका मीटरमधून परत येणारा हिस्सा पाठवलेल्या प्रकाशाच्या साधारण दीड कोटीतला एक भाग भरतो. आणि हे रॅलेचं झालं. काचेतल्या ध्वनिलहरींवरून फ्रिक्वेन्सी किंचित बदलून परतणारं ब्रिल्वाँ विकिरण याहून बरंच क्षीण आणि काचेच्या रेणूंच्या कंपनांमुळे फ्रिक्वेन्सी बदलणारं रामन विकिरण तर साधारण हजारपट क्षीण.

मग ताकद का वाढवत नाहीत? कारण लांब फायबरमध्ये पल्सची, म्हणजे लेसरच्या क्षणिक झोताची, शिखरशक्ती काही शे मिलिवॅटच्या घरात गेली की काच स्वतःच त्या प्रकाशाशी खेळू लागते. पल्सची ऊर्जा शेजारच्या तरंगलांबींवर सांडते आणि दूरचा सिग्नल सुधारण्याऐवजी बिघडतो. पल्स लांब केली तर ऊर्जा वाढते, पण ‘कुठे’ याचं उत्तर पुसट होतं. १० नॅनोसेकंदांची पल्स म्हणजे १ मीटर, १०० नॅनोसेकंदांची म्हणजे १० मीटर.

उरतो मार्ग सरासरीचा. गोंगाट दहापट कमी करायला शंभरपट मोजमापं लागतात. ५० किलोमीटर जाऊन परत यायला प्रकाशाला अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणून सेकंदाला २००० पल्सच्या वर जाता येत नाही. ब्रिल्वाँच्या पेटीला वर फ्रिक्वेन्सीही एकेक करून चाचपावी लागते. १०० फ्रिक्वेन्सी आणि प्रत्येकी २००० पल्स धरल्या तर एका वाचनाला १०० सेकंद. ‘रिअल टाइम’ हा शब्द जाहिरातीत दिसला की मी आधी हा हिशेब मांडतो. यातून खरी सुटका करणारे उपाय म्हणजे पल्सची संकेतबद्ध मालिका सोडून नंतर गणिताने उलगडणं, किंवा परत आलेला प्रकाश पेटीतल्याच लेसरच्या प्रकाशाशी मिसळून वाचणं.

‘अतिनील किरणांनी दसपट’

ही बातमी खरी आहे आणि मला स्वतःला फार आवडलेली आहे. माँट्रियलच्या पॉलिटेक्निकमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की हायड्रोजन मुरवलेल्या साध्या फायबरच्या गाभ्यावर अतिनील प्रकाश पाडला की मागे परतणारा रॅले प्रकाश दसपट होतो. त्यासाठी ग्रेटिंग (ठरावीक प्रकाश मागे परतवणारे, गाभ्यात समान अंतरावर कोरलेले पट्टे) कोरण्याचीही गरज नाही, नुसता प्रकाश पुरे. त्यांनी २ सेंटीमीटरच्या तुकड्यावर ०.०२ अंश सेल्सिअसची वाढ ओळखली. वाचनाची युक्ती अशी: काचेतले ते चढउतार म्हणजे प्रत्येक तुकड्याचा बोटाचा ठसा. तुकडा तापला किंवा ताणला की ठसा तोच राहतो, फक्त फ्रिक्वेन्सीच्या पट्टीवर सरकतो. जुना आणि नवा ठसा एकमेकांवर सरकवत जिथे जुळतो, तिथलं अंतर म्हणजे मोजमाप. प्रकाश जास्त आला की जुळणी जास्त नेमकी होते.

पण त्याच कामात मर्यादाही सांगितली आहे, ती मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. हा फायदा साधारण सेंटीमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांवरच मिळतो. त्याखाली ठसाच इतका तोकडा पडतो की कितीही प्रकाश ओतला तरी जुळणीतली अनिश्चितता घटत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. परतणारा प्रकाश दसपट झाला म्हणून पल्ला दसपट होत नाही. समजा साधं विकिरणच सर्व दिशांना दसपट केलं, तर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबलऐवजी दीड-दोन डेसिबल घट सोसावी लागेल. १० किलोमीटरच्या जाण्यायेण्यात तीस-चाळीस डेसिबल गेले, म्हणजे हजारापासून दहा हजारापर्यंतच्या पटीत प्रकाश गमावला. जवळ उजेड वाढवून लांब अंधार केला. म्हणून लांब पल्ल्यासाठी अतिशय दुबळ्या ग्रेटिंगची माळ कोरतात. ग्रेटिंग प्रकाश बाजूला न उधळता जवळपास सगळा मागेच ढकलतं. दीड कोटीतला एक भाग दसपट करायचा तरी पुढे जाणाऱ्या प्रकाशातून नगण्य हिस्साच घ्यावा लागतो. सुधारणेची खरी गोम इथे आहे. अर्थात असं फायबर मुद्दाम बनवावं लागतं, रस्त्याकडेला पुरलेल्या केबलला हे लागू नाही.

‘तापमान आणि स्ट्रेन दोन्ही कळतात’

दोन्हींचा *परिणाम* कळतो, आणि तो एकाच आकड्यात मिसळलेला असतो. ब्रिल्वाँमध्ये १ अंश तापमान आणि साधारण २० मायक्रोस्ट्रेन (एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे लांबीत दहा लाखांत एक भाग बदल) यांनी फ्रिक्वेन्सी सारखीच सरकते. रॅलेच्या ठशात हाच हिशेब १ अंशाला आठ-दहा मायक्रोस्ट्रेन असा येतो. पहाटेपासून दुपारपर्यंत गर्डर १५ अंशांनी तापला, तर ब्रिल्वाँची पेटी फक्त उष्णतेपायी ३०० मायक्रोस्ट्रेन दाखवेल. काँक्रीट ओढीखाली शंभर-दीडशे मायक्रोस्ट्रेनच्या आसपास तडकतं. म्हणजे रोज दुपारी पूल ‘तडकणार’ आणि रात्री बरा होणार.

उपाय आहे, अवघडही नाही. एक फायबर जखडलेलं आणि त्याच्या शेजारी दुसरं जेलीत सैल ठेवायचं. सैल फायबर फक्त तापमान सांगतं, ते वजा करायचं. किंवा तापमानासाठी रामनची पेटी लावायची. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये जाहीर केलेल्या परिणामातल्या दोन घटकांच्या (मूळ प्रकाशापेक्षा एक कमी आणि एक जास्त फ्रिक्वेन्सीचा) तीव्रतेचं गुणोत्तर तापमानावर ठरतं, स्ट्रेनला ते जवळजवळ दाद देत नाही. (दूरसंचाराच्या केबलमधली सैल नळी इथे उलट वरदान ठरते, हेही न्यायाने सांगायला हवं.)

‘एकदा जोडलं की कायमचं’

रॅलेचा ठसा नेहमी आधीच्या ठशाशी तुलना करून वाचतात. त्यामुळे खरं तापमान किती हे तो सांगत नाही, संदर्भ घेतल्यापासून किती बदललं एवढंच सांगतो. पेटी मधले काही दिवस बंद राहिली आणि तेवढ्यात बदल मोठा झाला, तर जुळणीच सापडत नाही आणि नव्याने संदर्भ घ्यावा लागतो. काच टिकाऊ असली तरी तिच्यावरचं नेहमीचं अ‍ॅक्रिलेट आवरण ८५ अंशांच्या आसपासच साथ सोडू लागतं. त्याहून गरम जागी पॉलिइमाइडचं आवरण लागतं. तेलविहिरीत तर हायड्रोजन काचेत झिरपून तिची पारदर्शकताच कमी करतो. अतिनील प्रकाश पाडायला आवरण सोललेलं असेल, तर तो तुकडा उघडा आणि नाजूक होतो. त्यावर नवं आवरण चढवल्याशिवाय तो काँक्रीटमध्ये घालण्यात अर्थ नाही.